सहाच्या वरचा एक

आमच्या घरात तो खेळ कुणालाच कधी कळला नाही, आणि मी तो एक अख्खा हंगाम खेळले असले तरी मला तो पुरता कळला होता असं आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. परदेशात, टॅम्पनीस उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल खिडकीला लागून होतं. खालून बसचे ब्रेक करकरायचे, समोरच्या घरातल्या आंटीची कढई खणखणायची, तिच्या लसणाचा आणि सुक्या कोळंबीचा वास आमच्या आमटीच्या वासात मिसळून जायचा, आणि बाबा पहिला घास घेऊन झाला की माझ्याकडे वळायचे.

"हे बघ, चेंडू हातात घेऊन पलीकडच्या रेषेपार गेलं की सहा गुण. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे काम झालं."

"हो."

"मग खेळ थांबवून वर आणखी एक कशाला? सरळ सातच द्यायचे ना!"

"तो मिळेलच असं नसतं, बाबा. तो वेगळा कमवावा लागतो. लाथ मारून चेंडू दोन उभ्या खांबांच्या मधून घालवायचा."

"आणि लाथ मारायची नसली तर?"

"तर परत एकदा चेंडू घेऊन रेषेपार जायचं. त्याचे दोन."

"दोन? मग शहाणे लोक दोनच का नाही घेत?"

"अवघड असतं. समोर अकरा जण आडवे येतात. लाथ त्यापेक्षा सोपी."

बाबा बँकेच्या हिशेबखात्यातले, त्यांना नियमामागचं कारण लागायचं, आणि कारण माझ्याकडे नव्हतं. शेवटी आई पोळीवर तूप लावता लावता म्हणाली, "अहो, जेवणानंतरचा विडा समजा. पोट भरलेलंच असतं, पण विडा आला नाही तर पंगत उठल्यासारखी वाटत नाही." "आणि दोन गुण म्हणजे दोन विडे," ताई म्हणाली. सगळे हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या गुणाचं नाव विडा पडलं. शनिवारी मी मैदानावरून आले की आई दारातच विचारायची, "किती विडे?"

माझं काम तेवढंच होतं. बाकीची मुलं तास-दोन तास एकमेकांना धडका देत चिखलात लोळायची, आणि मी कडेला स्वच्छ कपड्यांत उभी. कुणी रेषेपार गेलं की कोच हाक मारायचे, मी धावत जायचे, एक लाथ मारायचे आणि परत कडेला येऊन उभी राहायचे. दोन तासांच्या सामन्यात माझा खेळ मोजून काही क्षणांचा. मुलं म्हणायची, तुझं बरं आहे. मला मात्र कधी कळायचं नाही की मी त्या संघात आहे की पाहुणी म्हणून आले आहे.

या संघात मी पोचले ती वेई जिएमुळे. तो आमच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा, माझ्याच वर्गात होता, अंगानं काटकुळा आणि बोटांनी भलताच चपळ. मी शाळेत साधा फुटबॉल खेळायचे, पायाचा. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळायला मनाई होती, तशी पाटीच होती, म्हणून आम्ही बास्केटबॉलच्या कोर्टाच्या जाळीवर चेंडू मारत बसायचो. एक दिवस तो अमेरिकन फुटबॉलचा अंड्यासारखा लांबट चेंडू घेऊन आला. अमेरिकन कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी चार संघ काढले होते, मुलं पुरेनात म्हणून इथल्यांनाही घेत होते, आणि त्यांच्या लाथ मारणाऱ्या मुलाच्या वडिलांची बदली होऊन तो देश सोडून गेला होता. वेई जिए माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा, प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'लाह' लावून. इथं मी त्याचं मराठी करून लिहिते आहे. "मारून बघ लाह," तो म्हणाला. "चेंडूच आहे, साप नाही." मी मारला. तो जाळीवरून गेला, झाडांवरून गेला आणि पलीकडच्या पार्किंगमध्ये एका गाडीच्या टपावर आपटला. आम्ही पळालो. दुसऱ्या दिवशी तो मला कोचकडे घेऊन गेला.

कोच डेल म्हणजे ताडमाड माणूस. उन्हानं मान कायम लालबुंद, डोक्यावर विटकी टोपी, आठवडाभर हार्बरफ्रंटला जहाजांच्या कुठल्याशा ऑफिसात काम आणि शनिवार-रविवार हा खेळ. मधुरा हे नाव त्यांच्या जिभेला झेपेना, म्हणून त्यांनी माझी मॅडी केली. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि तीच महिनोन्‌महिने शिकवत राहिले: खांबांकडे बघायचं नाही. एक मुलगा वाकून पायांच्या मधून चेंडू मागे फेकणार, वेई जिए एका गुडघ्यावर बसून तो झेलणार, झेलल्या झेलल्या जमिनीवर टोकावर उभा करून वरून एक बोट टेकवणार, आणि तोवर मी धावत पोचलेली असणार. म्हणजे मी धावायला लागते तेव्हा चेंडू तिथं नसतोच. तिथं नुसतं गवत असतं. त्या गवताकडे बघत, मान खाली घालून, तो येईल असं धरून चालायचं. "डोकं वर केलंस की संपलं," कोच म्हणायचे. पहिल्या दिवशी मी थांबून चेंडू येतो का ते बघत होते, तर समोरची मुलं अंगावर येऊन पोचली सुद्धा. नंतर सवय झाली. वेई जिएचा हात कधी चुकायचा नाही.

आईला आधी काळजी वाटली. "मुली खेळतात का हे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मी एकटीच आहे." "आणि धडका?" "लाथ मारणाऱ्याला धक्का द्यायचा नसतो, नियमच आहे." हा एक नियम मात्र तिला लगेच पटला. हेल्मेटला आधीच्या कितीतरी मुलांच्या घामाचा वास होता. ती ते दर रविवारी लिंबाच्या सालींनी घासून कॉरिडॉरमध्ये उलटं वाळत घालायची, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी. हेल्मेटखाली माझी एक वेणी मावेना, म्हणून सकाळी घाईघाईत दोन वेण्या घालून द्यायची. शनिवारी न्याहारीला पोहे ठरलेले. टेक्काच्या बाजारातून आणलेला नारळ ती वर भरपूर पेरायची, आणि डब्यात वेई जिएसाठी वेगळे, तिखट कमी घातलेले. त्याला ते फारच आवडायचे. बदल्यात त्याची आई केळीच्या पानात बांधलेला नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, पाठवायची आणि ताई त्यातली कुरकुरीत सुकटं आधी वेचून खायची. पहाटे कोकीळ असा बेसूर ओरडायचा की गजराची गरज नसे. आज हे लिहिताना मला ते शनिवार जितके स्पष्ट दिसतात तितके सामने दिसत नाहीत. किती जिंकलो, किती हरलो, विचारू नका.

हंगामाच्या उत्तरार्धात घरात काहीतरी बदललं. काय ते मला धरता येईना. आधी कढीपत्त्याची कुंडी गेली. समोरच्या आंटीच्या दाराशी ती दिसली तेव्हा मी आईला विचारलं, तर म्हणाली, "त्यांना हवी होती." मग फराळाचा सोऱ्या ओळखीच्या जोशीकाकूंकडे गेला, आणि आई सोऱ्याला कुणाला हात लावू देत नसे. तांदळाची मोठी गोणी यायची बंद होऊन लहान पिशवी यायला लागली. आई वाळली होती. फोनवर बोलता बोलता मी आले की ती भाज्यांचे भाव बोलायला लागायची. ताई पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. एरवी दिवसभर माझ्याशी भांडणारी, ती अचानक माझ्याशी गोड बोलायला लागली आणि एकदा न मागता तिचं निळं जाकीट मला देऊन टाकलं. आणि बाबा, ज्यांना रविवारी दुपारी झोपेशिवाय काही सुचत नसे, त्यांनी एकदम आम्हाला फिरवायचं मनावर घेतलं.

एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. इतकी वर्षं जाऊ जाऊ म्हणत गेलो नव्हतो. छोट्या होडीतून पलीकडे उतरलो, भाड्याच्या सायकली घेतल्या. आईनं लग्नानंतर पहिल्यांदाच सायकल चालवली आणि पहिल्याच वळणावर झुडपात गेली. बाबा तिला उठवताना इतके हसले की त्यांनाच खाली बसावं लागलं. जुन्या लाकडी घरांपुढून, नारळाच्या झाडांखालून आम्ही रेंगाळत गेलो. एका घराच्या ओसरीवर एक म्हातारा मलाय माणूस जाळं दुरुस्त करत होता. बाबा बराच वेळ त्याच्यासमोर सायकल धरून उभे राहिले. मग मला म्हणाले, "नीट बघून ठेव गं मधू." मी विचारलं, "काय?" तर म्हणाले, "हेच. सगळंच." आई मान फिरवून पाण्याकडे बघत होती. परतीच्या होडीत मी हिशेब मांडला: आई वाळली आहे, वस्तू देऊन टाकते आहे, बाबा तिला फिरवताहेत, ताई माझ्याशी गोड बोलते. आईला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि मला सांगत नाहीत.

आठवडाभर मी ते मनात घेऊन हिंडले. शेवटी ताईला गाठलं. ती कपडे इस्त्री करत होती.

"ताई, आई आजारी आहे का?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. "वेडी आहेस का? ठणठणीत आहे आई."

"मग काय झालंय?"

"काही नाही झालं," ती म्हणाली. हसू तसंच असताना तिचे डोळे भरून आले, आणि इस्त्री तशीच चालू ठेवून ती न्हाणीघरात निघून गेली. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तिथंच उभी राहिले. आई ठणठणीत असेल तर ताई रडते का, आणि रडायचं असेल तर आधी हसली का? मला काही म्हणता काही उमजेना.

त्याच्या पुढच्या शनिवारी आमचा शेवटचा सामना होता, हंगामाचा निकाल लावणारा. त्या दिवशी पहिल्यांदाच आमचं सगळं घर बघायला आलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आईनं जोशीकाकूंकडे बसून केलेल्या चकल्या डबे भरून आणल्या होत्या आणि शेजारी बसलेल्या अमेरिकन आयांना ती त्या आग्रहानं वाढत होती. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच आकाश काळं झालं आणि विजांचा इशारा देणारा भोंगा वाजला. भोंगा वाजला की मैदान रिकामं करायचं, हा तिथला कडक शिरस्ता. दोन्ही संघ, पालक, पंच, सगळे एकाच पत्र्याच्या शेडखाली दाटीवाटीनं उभे. पावसात पत्र्याचा एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तेव्हा मी पाहिलं, कोच डेल वेई जिएच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होते. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला. वेई जिएनं नजर वळवली. दुसऱ्या टोकाला बाबा आणि ताई डोकी जवळ आणून बोलत होते. त्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाले. दोन्ही बाजूंना माझ्याचबद्दल बोलणं चाललंय असा मला भास झाला, आणि मी मनातल्या मनात स्वतःला दटावलं की काहीही काय.

खेळ परत सुरू झाला. ते दोनदा रेषेपार गेले आणि दोन्ही वेळा त्यांच्या लाथेचा गुण मिळाला, म्हणजे चौदा. आम्ही एकदाच गेलो, माझी लाथ बरोबर बसली, म्हणजे सात. आई उभी राहून ओरडली, "विडा! विडा!" अमेरिकन आयाही काही न कळता तिच्याबरोबर ओरडायला लागल्या. खेळ संपायला अगदी थोडा वेळ उरला असताना आमचा एक दांडगा मुलगा तिघांना अंगावर घेऊन रेषेपार पडला. तेरा-चौदा. आता लाथेचा एक मिळाला तर बरोबरी आणि वर जादा वेळ. आमची मुलं तर दमून उभी राहायलाही तयार नव्हती. पुन्हा रेषेपार गेलो तर दोन, आणि सामना आमचा. कोचनी मला बोलावलं. त्यांनी माझं हेल्मेट दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, "नेहमीसारखी मार, मॅडी. मान खाली." म्हणजे बरोबरी. मी मान डोलावली.

मी जागेवर जाऊन उभी राहिले. गवत ओलं होतं. समोरची मुलं ओरडत होती, मुद्दाम माझं नाव घेऊन घाबरवत होती. वेई जिए गुडघ्यावर बसला. एरवी तो माझ्याकडे बघून एकदा भुवया उडवायचा. त्या दिवशी उडवल्या नाहीत. चेंडू मागे आला, मी धावले, मान खाली, गवतावर नजर, आणि जीव खाऊन लाथ मारली.

लाथेला काहीच लागलं नाही.

पाय डोक्याइतका वर गेला आणि मी पाठीवर आपटले. हेल्मेटच्या जाळीतून नुसतं आभाळ दिसत होतं. कानात प्रचंड आरडाओरडा. पहिला विचार आला, मी चुकले. एवढ्या लोकांसमोर, आईसमोर मी चेंडूच हुकवला. मग वाटलं, चेंडू होता कुठं? मी उठून बसले. मैदानाच्या पार कोपऱ्यात आमची मुलं एकावर एक ढीग करून पडली होती आणि त्या ढिगाच्या तळाशी वेई जिए होता. पंचांनी दोन्ही हात वर केलेले. मला वाटलं, वेई जिएला लागलं, मीच त्याला लाथ मारली. मी रडत रडत तिकडे धावायला लागले, तोच कोचनी मला मधेच उचललं आणि गोल फिरवलं. "ब्यूटिफुल! मॅडी, ब्यूटिफुल!" मी म्हटलं, "मी हुकवला." ते इतके हसत होते की त्यांना बोलता येईना. ते माझी थट्टा करताहेत असंच मला वाटलं.

कळायला बराच वेळ लागला. वेई जिएनं चेंडू झेलला, पण जमिनीवर टेकवलाच नाही. तो उठला आणि पळाला. समोरची अकराच्या अकरा मुलं मी लाथ मारणार म्हणून चेंडू अडवायला माझ्याकडे झेपावली होती, आणि तो कोपऱ्यातून चालत गेला असता तरी चाललं असतं. दोन गुण. पंधरा-चौदा. हे सगळ्या संघाला माहीत होतं. शेडखाली ठरलं होतं. मी सोडून सगळ्यांना.

मी हेल्मेट हातात घेऊन आमच्या घरच्यांकडे गेले. दोन्ही वेण्या चिखलानं माखलेल्या. आई माझ्याकडे बघत आनंदानं बाबांना म्हणाली, "जिंकली बाई एकदाची! आता तरी सांगून टाकू या तिला."

बाबांनी तिचा दंड धरला. पण उशीर झाला होता.

"काय सांगू या?" मी विचारलं.

शेवटी ताई म्हणाली, "सांगा बाबा."

बाबांनी मला बाकावर बसवलं. चांगी बिझनेस पार्कमधलं त्यांचं सगळं खातं बँक पुण्याला हलवत होती. काम तेच, खुर्ची खराडीत. दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. नोकरी इथली नाही म्हटल्यावर इथं राहायचा पासही उरणार नव्हता. ताई शिक्षण पुरं होईपर्यंत होस्टेलवर राहील, आम्ही तिघं महिनाअखेरीला निघणार. तिकिटंसुद्धा काढली होती. शाळेतही कळवलं होतं. "तुझा हंगाम नीट पार पडू दे म्हटलं," बाबा म्हणाले. "तुला आधी सांगितलं असतं तर तुझं लक्ष लागलं नसतं. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं गं. तू एकदा हिरमुसलीस की घरात कुणाला काही करवत नाही."

त्या क्षणी मला काय वाटलं हे मी पुढे अनेकांना अनेक तऱ्हांनी सांगितलं आहे. राग आला असं सांगितलं, रडू आलं असंही सांगितलं. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं, कारण आई आजारी नव्हती. आणि ते सुटल्यासारखं वाटणं संपायच्या आत घर गेल्याचं कळलं. मी हसले. ताईसारखीच हसले आणि मग रडले. मागे मुलं चषक डोक्यावर घेऊन नाचत होती आणि माझ्या नावानं हाका मारत होती, आणि मला कळेना की त्यांच्यात जाऊन उभं राहायचा मला हक्क आहे का. वेई जिए चिखलानं भरलेला धावत आला. "सॉरी लाह, मधू. कोचनी सांगितलं होतं, तिला सांगू नको म्हणून. रागावलीस?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्यानं आईच्या डब्यातली चकली उचलली, अर्धी मोडून मला दिली आणि माझ्या शेजारी बसून राहिला. मी त्याला आमचं जायचं सांगितलं. "कधी?" त्यानं विचारलं. त्याला तरी आधी माहीत नव्हतं, एवढंच एक मला बरं वाटलं.

गणवेश परत करायला गेले तेव्हा मैदानावर कोच एकटेच खुणेचे प्लास्टिकचे शंकू गोळा करत होते. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "कारण त्यांचा कोच पूर्ण सामनाभर तुझा चेहरा वाचत होता. तुला माहीत असतं तर त्यालाही कळलं असतं. तू ते इतकं खरं केलंस, की..." मी म्हटलं, "मी काही केलं नाही. मी खरंच लाथ मारली." ते थांबले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "हो," ते म्हणाले. "तू खरंच मारलीस." मग म्हणाले, "मॅडी, मला परत तशी वेळ आली तर मी परत तेच करेन, खोटं कशाला बोलू? पण नंतर तुला उचलून घ्यायच्या आधी मी तुला सांगायला हवं होतं. तू रडत होतीस आणि मी हसत होतो." त्यांनी माझ्याशी हात मिळवला, मोठ्या माणसाशी मिळवतात तसा. ते बरोबर होते की नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. माझी मुलगी म्हणते, सरळ सरळ फसवणूक होती. माझे यजमान म्हणतात, उत्तम डाव होता. दोघं तावातावानं भांडतात आणि मी दोघांचंही पटून ऐकत बसते.

निघायच्या आदल्या दिवशी घरात खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. आवाज घुमायचे. आई आतल्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत होती, ताई तिच्या होस्टेलवर सामान टाकायला गेली होती. मी आणि बाबा बाहेर जमिनीवर बसून पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होतो. मी म्हटलं, "बाबा, पुढच्या वेळी मला सांगत जा."

"चेहऱ्यावर दिसलं तरी?"

"दिसू दे."

ते पट्टीचं टोक नखानं उकलत बसले. ते सापडत नव्हतं, आणि माझ्या हातात कात्री असूनही त्यांनी ती मागितली नाही.

"मग एक सांगतो," ते हळूच म्हणाले. "मला जायचं नाहीये."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. गेले दोन-तीन आठवडे घरात पुण्याचं सर्वांत जास्त कौतुक बाबाच करत होते. तिथली हवा, तिथली भाजी, तिथं आपली माणसं. "मग तुम्ही तर रोज..." मी म्हटलं.

"तुझ्या आईसाठी. तिला परत जायचंय म्हणून. तिचा जीव तिकडेच असतो, मला माहीत आहे. तिला कळलं तर ती उगाच अडकून पडेल. तू काही बोलू नकोस हं."

मी नाही बोलणार म्हटलं. आणि आतून आईनं हाक मारली, "मधू, जरा सुतळी आण गं." मी सुतळी घेऊन गेले. आई कागदांच्या ढिगाऱ्यात मांडी घालून बसली होती. तिनं सुतळी घ्यायला हात पुढे केला, माझ्याकडे बघितलं, आणि हात तसाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

"मधू."

मी खाली बघितलं, भिंतीकडे बघितलं. काही उपयोग झाला नाही. आई उठली, माझ्या बाजूनं बाहेर गेली आणि बाबांच्या समोर जमिनीवर बसली. मी दारात उभी होते.

"तुम्हाला जायचं नाहीये ना?" ती म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. मग मान डोलावली.

"अहो, मला तरी कुठं जायचंय," आई म्हणाली. "तुम्ही एवढे खूश दिसत होता, म्हणून मी बोलले नाही."

दोघं एकमेकांकडे बघत बसले. त्यांच्या मधे ते अर्धवट बांधलेलं खोकं. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलोच; तिकिटं होती, नोकरी तिकडे होती, त्यात काही बदलण्यासारखं नव्हतं. पण विमानतळावर बाबा रडले, सगळ्यांच्या देखत, रुमाल न शोधता, आणि आईनं त्यांचा हात धरून ठेवला. ताईनं मला विचारलं, "हे काय गं झालं यांना?" आणि घरातली एक गोष्ट पहिल्यांदाच तिला मी सांगितली.